घातांकाचे नियम पाठ न करवता कसे शिकवावेत

फळ्यावर 2³ × 2⁴ लिहा आणि आठवीच्या वर्गाला उत्तर विचारा. नियम तोंडपाठ असलेल्या वर्गातूनही तीन उत्तरं येतात: 2⁷, 2¹² आणि 4⁷. पहिलं बरोबर आहे. पण ते सांगणाऱ्या पोराला "बेरीज का केलीस?" म्हणून विचारलं की तो म्हणतो, "नियमच हाय की सर."

लातूरकडच्या शाळांत गणित शिकवताना मला हे सारखं दिसत आलं आहे. मुलं नियम विसरत नाहीत, एकाच्या जागी दुसरा लावतात. याचं कारण एकच: घातांक नेमकं काय मोजतो, हे त्यांच्या मनात बसलेलं नसतं. तीच संख्या गुणाकारात किती वेळा आली, एवढंच घातांक मोजतो. हे मोजणं पक्कं झालं की नियम मुलं स्वतः काढतात. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्यांत नियम नेहमी शेवटी येईल आणि तो मुलांच्या तोंडून येईल.

पायरी 1 : पहिले दोन-तीन तास फक्त उलगडून लिहा

सातवीत घातांक पहिल्यांदा भेटतो तेव्हा 2³ = 6 ही चूक ठरलेली. तिचं मूळ बऱ्याचदा वाचण्यात असतं. "दोनवर तीन" असं वाचू देऊ नका. "दोनाचा तिसरा घात" असं मोठ्याने म्हणायला लावा आणि लगेच 2 × 2 × 2 लिहून घ्या. शेजारी 2 + 2 + 2 लिहून दोन्ही उत्तरं काढायला सांगा. बेरीज थोडक्यात लिहायला गुणाकार आला, तसा गुणाकार थोडक्यात लिहायला घात आला, हे तिथेच कळतं.

कालचं वर्तमानपत्र दुमडायला द्या. एक घडी, दोन थर, दुसरी घडी, चार थर, तिसरी, आठ. सहाव्या-सातव्या घडीला पोरांचा जोर संपतो, कारण तोवर 2⁷ म्हणजे 128 थर झालेले असतात. हा कागद जपून ठेवा, पुढे लागणार आहे.

उलगडून लिहिण्यात वेळ जातो म्हणून घाई करू नका. घातांकाची आजची खूण 1637 मध्ये रूढ करणारा फ्रेंच गणितज्ञ देकार्तसुद्धा दुसऱ्या घातासाठी बऱ्याचदा अक्षर दोनदा शेजारी शेजारी लिहीत असे. मुलांनाही अअअ लिहू द्या. कंटाळा आला की ती आपणहून अ³ वर येतात.

पायरी 2 : गुणाकार आणि भागाकार धरणाच्या पाण्यावर

आपल्याकडे पावसाळा सुरू झाला की घराघरात जायकवाडीचा आकडा बघितला जातो. तोच फळ्यावर आणा. टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष घनफूट. हजार म्हणजे 10³, दशलक्ष म्हणजे 10⁶. उलगडून लिहायला सांगा: तीन दहा, पुढे सहा दहा, एकूण नऊ दहा. 10³ × 10⁶ = 10⁹, म्हणजे अब्ज. पाया, म्हणजे जिचा घात घेतला ती संख्या, तोच असेल तर गुणाकारात घातांकांची बेरीज होते, हे वाक्य आता एखादी मुलगीच सांगेल. तिच्याच शब्दांत फळ्यावर लिहा.

पेपरात दुसरा आकडा दलघमीमध्ये असतो, दशलक्ष घनमीटर. जायकवाडीची एकूण साठवण क्षमता 2,909 दलघमी आहे, म्हणजे 102 टीएमसीहून थोडी जास्त. एका घनमीटरात 10³ लिटर. तर धरण पूर्ण भरलं की किती लिटर पाणी? 2.909 × 10³ × 10⁶ × 10³ = 2.909 × 10¹² लिटर. शून्यं मोजत बसलेला मुलगा दोनदा चुकतो. घातांक मिळवणाऱ्याचं उत्तर एका ओळीत येतं, आणि घातांकाची गरज का, हे वेगळं सांगावं लागत नाही.

भागाकारासाठी 2016 ची पाण्याची रेल्वे घ्या. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, हे आजही घरोघरी आठवतं. सुरुवातीला 10 वॅगन होत्या, पुढे 50 वॅगनची गाडी एका फेरीत सुमारे 25 लाख लिटर पाणी आणू लागली. 25 लाख म्हणजे 2.5 × 10⁶. एक टीएमसी म्हणजे सुमारे 2.83 × 10¹⁰ लिटर. एवढं पाणी आणायला किती फेऱ्या? 10¹⁰ ÷ 10⁶ उलगडून लिहा, वरचे सहा दहा खालच्या सहांशी कापा, चार उरतात. 2.83 ला 2.5 ने भागलं की 1.13. म्हणजे सुमारे 11,300 फेऱ्या. रोज एक धरली तर 31 वर्षं. हे उत्तर आलं की वर्ग क्षणभर गप्प होतो. मग विचारा, घातांकांचं काय केलंत? "वजा केले सर."

इथेच एक धोका सांभाळा. 2³ + 2⁴ हे उदाहरण मुद्दाम मधे टाका. बरीचशी पोरं 2⁷ लिहितील. 8 आणि 16 काढायला लावा. 24 येतात, 128 नाही. बेरजेला घातांकाचा कुठलाच नियम नाही, हे त्यांनी स्वतः चुकून शिकलेलं बरं.

पायरी 3 : कंसावरचा घात गुंठ्यात

(2³)² साठी फार वेळ नको. 2³ × 2³ लिहिलं की सहा दोन दिसतात, घातांकांचा गुणाकार झाला. पण कंसात दोन वेगळ्या संख्या असल्या की गोंधळ होतो. (3अ)² चं उत्तर 3अ² लिहिणारे दरवर्षी असतात.

गुंठा 33 फूट लांब, 33 फूट रुंद, हे शेतकऱ्याच्या पोराला माहीत असतं. 33² = (3 × 11)² = 3 × 11 × 3 × 11 = 3² × 11² = 9 × 121 = 1,089 चौरस फूट. घात कंसातल्या प्रत्येकाला मिळतो.

आता त्याच 33 चे 30 + 3 करा. 30² + 3² = 909. विचारा, 180 चौरस फूट जमीन गेली कुठं? चौरस काढून आत 30 चा आणि 3 चा चौरस दाखवा. उरलेल्या दोन पट्ट्या 30 × 3 च्या, मिळून 180. जमिनीच्या मोजणीवरून भांडणं पाहिलेल्या मुलांना ती 180 फूट चांगलीच लक्षात राहतात, आणि (अ + ब)² चं उत्तर अ² + ब² लिहिताना हात थांबतो.

पायरी 4 : शून्य आणि ऋण घातांकासाठी धान्याची मापं

या धड्यातली सगळ्यात अवघड जागा हीच. "शून्य वेळा म्हणजे शून्यच होतंय की!" हा मुलांचा प्रश्न रास्त आहे. त्याला दटावू नका.

आधी तो वर्तमानपत्राचा कागद काढा. तीन घड्या, आठ थर; दोन घड्या, चार थर; एक घडी, दोन थर. शेवटची घडी उलगडली की शून्य घड्या. कागद नाहीसा झाला का? एक थर हातात आहे. 2⁰ = 1.

मग आजी-आजोबांकडून जुनी मापं विचारून आणायला सांगा. मापं गावागणिक थोडी बदलत, पण शिडी अशी: दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. फळ्यावर उभी मांडा:

पायली = 2² = 4 शेर
अधोली = 2¹ = 2 शेर
शेर = 2⁰ = 1 शेर
मापटं = 2⁻¹ = अर्धा शेर
चिपटं = 2⁻² = पाव शेर
कोळवं = 2⁻³ = शेराचा आठवा भाग
निळवं = 2⁻⁴ = शेराचा सोळावा भाग

एक पायरी खाली उतरलं की माप निम्मं होतं आणि घातांक एकाने घटतो. शेरावर घातांक शून्य आहे, पण शेर काही रिकामा नाही. त्याखालीही ज्वारी आहेच, फक्त थोडी थोडी. 2⁻³ = −8 लिहिणाऱ्या मुलाला विचारा, कोळव्यात उणे आठ शेर ज्वारी कशी मावेल? घातांकातला उणे संख्येला ऋण करत नाही, तो शिडीवरून खाली उतरवतो.

नियम इथेही चालतो का, तेही तपासा. चिपट्याने पायली भरायला किती चिपटी लागतील? 2² ÷ 2⁻² = 2⁴ = 16. आता पाव शेराने चार शेर भरून बघा, तेवढीच येतात. ऋण घातांक वजा करताना बेरीज का होते, याचा दाणे मोजून पुरावा मिळतो.

एककं बदलण्यासाठी पाऊस घ्या. 1 मिलिमीटर म्हणजे 10⁻³ मीटर. शाळेच्या 100 चौरस मीटर छतावर 1 मिमी पाऊस पडला तर 10⁻³ × 10² × 10³ = 10² लिटर. एका हेक्टरवर, म्हणजे 10⁴ चौरस मीटरवर, तोच पाऊस 10⁴ लिटर. काल तालुक्यात किती मिमी पडला, हे विचारून आणणं हा गृहपाठ.

पायरी 5 : उण्याची खूण

(−3)² = 9 आणि −3² = −9. कंस असेल तर उण्यासकट संख्येचा घात, नसेल तर फक्त 3 चा. रोज तासाच्या सुरुवातीला अशी दोनच उदाहरणं पंधरा दिवस द्या. याला दुसरी युक्ती नाही, सरावच लागतो.

पायरी 6 : अपूर्णांक घातांक

शिडीवर उभं राहिलेल्या मुलांना आता विचारा, दोन पायऱ्यांच्या मधोमध काय? 9 चा ½ वा घात स्वतःशीच गुणला तर घातांक ½ + ½ = 1, म्हणजे 9 यायला हवेत. स्वतःशी गुणून 9 देणारी धन संख्या 3. तर ½ वा घात म्हणजे वर्गमूळ, हे जुन्याच नियमातून निघालं. तसाच 64 चा ⅔ वा घात: आधी घनमूळ 4, मग वर्ग 16. आधी वर्ग करायला गेलेली मुलं 4,096 मध्ये अडकतात, म्हणून मूळ आधी.

शेवटी गुंठ्याकडे परत या. 1,089 चा ½ वा घात 33, ही बांधावरची लांबी. चाळीस गुंठ्यांचा एकर 43,560 चौरस फुटांचा. तो पूर्ण चौरस असेल तर एका बाजूला बांध किती फूट? कॅल्क्युलेटर मागतील, लगेच देऊ नका. 208² = 43,264 आणि 209² = 43,681 करू द्या, आणि 208 च्या पुढे किती, याचा अंदाज वहीत लिहून झाला की मगच द्या.