माणूस पोलिसांनी नेला की आधी वेळ लिहा

मी तालुका कोर्टात वकिली करते. ‘पोराला उचललंय’ असा फोन आला की माझा पहिला प्रश्न असतो, किती वाजता नेलं? ती वेळ लगेच कागदावर लिहा. समोरच्या दुकानाच्या सीसीटीव्हीत दिसत असेल तर रेकॉर्डिंग त्याच दिवशी मागून घ्या.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५८ प्रमाणे, प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत त्याला मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावंच लागतं. रात्रभर ‘चौकशीला’ बसवून सकाळी अटक दाखवली, तरी तास मोजायचे ते त्याला अडवून ठेवलं तेव्हापासून. मुंबई उच्च न्यायालयाने हे १९९० सालीच सांगितलंय. रविवार किंवा दिवाळी ही सबब नाही; सुट्टीतही रिमांडसाठी, म्हणजे कोठडीत ठेवायचं का ते ठरवायला, मॅजिस्ट्रेट असतात. अटकेची कारणं लेखी मागा, आपल्याला कळणाऱ्या भाषेत.

कोर्टात मॅजिस्ट्रेट विचारतात, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार?’ मारहाण झाली असेल तर त्याने तेव्हाच सांगायचं आणि वैद्यकीय तपासणी मागायची. भीतीपोटी लोक मान हलवून ‘नाही’ म्हणतात, त्याने माझा जीव तुटतो. वळ आठवड्यात जातात, पण ते ‘नाही’ रिमांडच्या कागदावर राहतं.

पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी, एकूण १५ दिवसांच्या वर मिळत नाही. पूर्वी ती पहिल्या पंधरवड्यातच घ्यावी लागे. १ जुलै २०२४ पासून तेच १५ दिवस तुकड्यातुकड्याने घेता येतात, गुन्ह्याप्रमाणे पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत. त्यामुळे एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी, झाला, पोरगा जेलमध्ये गेला म्हणून निर्धास्त होऊ नका, पुन्हा पीसीआर मागितला जाऊ शकतो. आधी किती दिवस वापरले, ते प्रत्येक तारखेला वकिलाला सांगा.

आरोपपत्राला मुदत ६० दिवसांची. फाशी, जन्मठेप किंवा १० वर्षं व त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात ९०. मोजणी अटकेपासून नाही, पहिल्या रिमांडपासून, तो दिवस धरून. मुदत टळली की जामीन हा हक्कच होतो. पण आपोआप कोणी सोडत नाही. आरोपपत्र येण्याआधी अर्ज पडला पाहिजे, नाहीतर हक्क गेला. म्हणून आदल्या दिवशीच अर्ज टाईप करून ठेवा आणि कोर्ट उघडताच दाखल करा.

वकिलाला पैसे नसतील तर १५१०० वर फोन करा. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.