सीट काढून बसवली आणि एअरबॅगची लाईट जाईना – माझा अनुभव

कार्पेट धुवायला ड्रायव्हरची सीट काढली होती, परत बसवली, बोल्ट टाईट केले आणि चावी फिरवली तर एअरबॅगची लाईट लागली ती लागलीच, एरवी काही सेकंदात विझते. अशी लाईट चालू असेल तर धडकेत एअरबॅग उघडेलच असं नाही, त्यामुळे तसंच चालवणं मला पटेना. बॅटरी काढून लावा, लाईट जाईल असं काहीजण म्हणाले, पण बऱ्याच गाड्यांत तसा कोड (गाडीच्या कॉम्प्युटरनं नोंदवलेला बिघाड) जात नाही. साधा ओबीडी स्कॅनर (गाडीला जोडून कोड वाचायचं यंत्र) बहुतेक फक्त इंजिनचेच कोड दाखवतो, एसआरएस म्हणजे एअरबॅग सिस्टीमचे कोड वाचणारा लागतो, तो मिळवला तर ड्रायव्हरच्या सीटमधल्या साईड एअरबॅगच्या सर्किटचा रेझिस्टन्स जास्त असा कोड, म्हणजे कुठंतरी कॉन्टॅक्ट ढिला.

मग इग्निशन बंद, बॅटरीचं निगेटिव्ह काढलं आणि १० मिनिटं थांबलो, कारण एअरबॅग कंट्रोल करणाऱ्या मॉड्यूलच्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणारा भाग) चार्ज उरतो. सीटखालचं पिवळं कनेक्टर उघडलं तर कार्पेटचा दोरा अडकलेला आणि लॉक अर्धवटच, साफ करून टक्क आवाज येईपर्यंत दाबलं. मल्टिमीटर एअरबॅगला लावायचा नाही हां, त्याच्या करंटनंही ती फुटू शकते. बॅटरी जोडून कोड क्लिअर केला, लाईट गेली. काहीजण लाईट घालवायला एअरबॅगच्या जागी रेझिस्टर टाकून सर्किट ठीक असल्याचं भासवतात, तो निव्वळ मूर्खपणा, एअरबॅग तशीच मेलेली राहते. आणि पॅसेंजर सीट काढणार असाल तर तिच्या गादीत माणूस बसलाय का ते ओळखणारा सेन्सर असू शकतो, त्याची वायर वेगळी, तीपण बघा.