नगररचनेत मास्टर्स करायचंय? टक्के नंतर विचारा, आधी या चुका टाळा

दर वर्षी मे महिना लागला की रामबागेतल्या नाहीतर लोकमान्य नगरातल्या कुठल्या तरी काकूंचा फोन येतो. "अगं, आमच्या धाकट्याला ते शहरांचं काहीतरी मास्टर्स करायचंय म्हणे. किती टक्के लागतात?" इंदुरात मी याच कामात आहे, त्यामुळे आपल्या मंडळींत हा विषय निघाला की माझा नंबर पुढे केला जातो. टक्क्यांवर मी काही बोलत नाही. उलट विचारते, "पहिली पदवी कशातली, आणि किती वर्षांची?" इथे मुलं गुणांपायी जेवढी अडत नाहीत, तेवढी माहितीपत्रकातल्या 'पात्रता' या एका ओळीपायी अडतात.

आपल्याकडे एम.प्लॅन.ला, म्हणजे नगररचनेच्या मास्टर्सला, जायच्या साधारण दोन वाटा आहेत. बी.आर्क., बी.प्लॅन. किंवा सिव्हिल इंजिनिअरिंगची पदवी ही एक. भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्र अशा विषयांतलं एम.ए. किंवा एम.एस्सी. ही दुसरी. दुसऱ्या वाटेवरचं 'एम.ए.' घाईघाईत 'बी.ए.' असं वाचलं जातं. बी.ए. भूगोल झालेल्या एका हुशार मुलीनं सहा महिने जीव तोडून तयारी केली आणि फॉर्म भरायला बसली, तर पदव्यांच्या यादीत तिची पदवीच नव्हती. रडून झाल्यावर तिनं एम.ए.ला नाव घातलं. परदेशात ही ओळ उलट्या बाजूनं वाचावी लागते. अमेरिकेत पदवीचा विषय फारसा आडवा येत नाही, इतिहासवाला किंवा सोशल वर्कवालाही चालतो. मात्र पदवी चार वर्षांची, नाहीतर तीन अधिक दोन अशी, पुष्कळ विद्यापीठं मागतात. ब्रिटनमध्ये तीन वर्षांची पदवी बहुतेक ठिकाणी चालते आणि मास्टर्सही एका वर्षात होतं.

दुसरी चूक गेट या प्रवेशपरीक्षेच्या पेपरची. सिव्हिलवाली मुलं सवयीनं सीईचा, म्हणजे सिव्हिलचा, पेपर देतात. मग सीसीएमटीच्या, म्हणजे एम.टेक., एम.आर्क., एम.प्लॅन.च्या सामाईक समुपदेशनाच्या पोर्टलवर शिरल्यावर कळतं, की हव्या त्या जागेपुढे फक्त एआर, म्हणजे वास्तुकला-नियोजनाचा पेपर, लिहिलंय. प्रत्येक जागेला कुठली पदवी आणि कुठला पेपर चालतो हे तिथे ओळीओळीनं दिलेलं असतं. ते गेटचा अर्ज भरण्याआधी, ऑगस्ट-सप्टेंबरातच, मागच्या वर्षीच्या यादीत बघून ठेवा. ठरलेल्या जोड्यांतले दोन पेपर देता येतात, आणि सीईबरोबर एआर घेता येतो. एआरमध्ये सामान्य कलचाचणी १५ गुणांची, सगळ्यांना सारखा भाग ६० गुणांचा आणि उरलेल्या २५ गुणांसाठी वास्तुकला किंवा नियोजन यांपैकी एक. नियोजनाचा भाग सिव्हिलवाल्यांना वाटतो तितका परका नाही. परके वाटतात ते सामाईक भागातले इमारतींचे, वास्तुशैलींचे प्रश्न. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो, तेव्हा पदवीच्या तिसऱ्या वर्षापासून देऊन बघायला हरकत नाही.

आयआयटीचे अर्ज सीसीएमटीतून जात नाहीत. खडगपूरचं सिटी प्लॅनिंग किंवा रुरकीचं अर्बन अँड रूरल प्लॅनिंग हवं असेल तर त्यांचा अर्ज वेगळा, आणि त्याची तारीख आधी येते. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाची निवडप्रक्रियाही स्वतंत्र आहे. तिथे गेटवाचून जाता येतं, पण तुम्ही काय केलंय ते दाखवावं लागतं.

आता माझीच एक चूक सांगते. समुपदेशनाच्या पहिल्या फेरीत जागा मिळाली. बाबा म्हणाले, "हातातली सोडू नकोस." मी सायबर कॅफेत बसून 'फ्रीझ' दाबलं. फ्रीझ म्हणजे विषय संपला, पुढच्या फेऱ्यांत तुम्ही नाही. 'फ्लोट' दाबलं असतं तर हातातली जागा हातातच राहिली असती आणि वरची पसंती मिळाली तर आपोआप सरकले असते. पुढच्याच फेरीत माझ्या स्कोअरला माझी पहिली पसंती उघडली. बाबांना मी हे पुष्कळ वर्षं सांगितलं नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. सीसीएमटीतून भरणाऱ्या एनआयटीच्या जागांना खुल्या आणि ओबीसी गटात पदवीला ६० टक्के किंवा ६.५ सीजीपीए लागतो, एससी-एसटीला ५५ किंवा ६.०. सीजीपीएचे टक्के स्वतः गुणाकार करून लिहू नका, विद्यापीठाचं सूत्र वापरा आणि त्याचं पत्र जवळ ठेवा. ओबीसी प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यातलं आणि ताजं हवं. राज्य शासनाचं डिजिटल प्रमाणपत्र तिथे चालत नाही. आणि आपल्या मराठी घरांचं खास दुखणं म्हणजे नाव. मध्य प्रदेश बोर्डाच्या मार्कशीटवर मुलाचं नाव-आडनाव एका ओळीत आणि वडिलांचं नाव वेगळ्या ओळीत असतं. आधार आणि पासपोर्टवर मात्र आपण हौसेनं वडिलांचं नाव मधे घातलेलं. त्यात कुठे 'दीक्षित', कुठे 'दिक्षीत'. हे जुळवायला नोटरीचं शपथपत्र लागतं, आणि ते आठवतं शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी.

अभ्यासक्रमाच्या नावाला भुलू नका. 'अर्बन' शब्द असलेली प्रत्येक पदवी नियोजनाची नसते. अर्बन डिझाइन हे वास्तुकलेचं अंग आहे, अर्बन स्टडीज हा बहुतेकदा सामाजिक शास्त्रांचा अभ्यास. वास्तुविशारदांसाठी १९७२ चा कायदा आहे, नियोजकांसाठी तसा कायदा नाही. म्हणून इथे वजन पडतं ते एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेच्या, मान्यतेचं आणि १९५१ साली स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूट ऑफ टाउन प्लॅनर्स, इंडियाच्या मान्यतेचं. सरकारी जाहिरातीत 'नगर नियोजनातली पदवी' असं लिहिलेलं असतं, आणि तिथला बाबू तुमच्या प्रमाणपत्रावर नेमके तेच शब्द शोधतो. अमेरिकेत हेच काम पीएबी या नियोजन-अभ्यासक्रम तपासणाऱ्या मंडळाची मान्यता करते, ब्रिटनमध्ये आरटीपीआय या नियोजकांच्या संस्थेची. अमेरिकेला जाणाऱ्यांनी अभ्यासक्रम स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत आहे का तेही विचारून घ्यावं. यादीत असेल तर शिक्षणानंतरच्या १२ महिन्यांच्या कामाच्या परवानगीला आणखी २४ महिने जोडून मिळू शकतात, आणि नियोजनाचे सगळेच अभ्यासक्रम त्या यादीत नाहीत. (आपल्या राज्यात तर खात्याचंच नाव 'नगर तथा ग्राम निवेश', आणि हिंदीत निवेश म्हणजे गुंतवणूकही. एका मुलाचे वडील बरेच दिवस समजत होते की पोरगं शेअर बाजाराचं शिकतंय.)

आता हेतुपत्राकडे, म्हणजे एसओपीकडे येते. अर्ज इथेच पडतात. इंदूरच्या दहातल्या आठ मुलांचं पहिलं वाक्य असतं, 'मी भारतातल्या सर्वात स्वच्छ शहरातून येतो.' २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात वर्षानुवर्षं आपला पहिला नंबर आला, अभिमान आहेच, पण त्यात तुमचं काय? उरलेले दोघे पॅट्रिक गेडीस या स्कॉटिश नगररचनाकाराला आणतात. गेडीस मोठाच माणूस. १९१८ साली त्यानं होळकर दरबारला इंदूरबद्दल दोन खंडांचा अहवाल दिला. प्लेगच्या त्या काळात त्यानं दिवाळीची मिरवणूक काढली, त्यात घाणीचा राक्षस आणि प्लेगचा उंदीर नाचवला, आणि जी आळी जास्त स्वच्छ तिथूनच मिरवणूक जाईल असं जाहीर केलं. लोकांनी झाडू हातात घेतले. गोष्ट सुंदर आहे, पण निवड समितीनं ती तुमच्या आधी वाचलेली असते.

त्यापेक्षा एका मुलानं काय लिहिलं ते सांगते. रस्ता रुंदीकरणात त्याच्या आजोबांच्या घराचा ओटा गेला. ओट्यावर दुपारी चार म्हातारे बसायचे, संध्याकाळी शेजारची भाजीवाली टोपली टेकायची. ओटा गेल्यावर म्हातारे समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसू लागले, भाजीवाली गल्लीच्या तोंडाशी गेली आणि तिथे दुचाकी अडू लागल्या. त्यानं टेप घेऊन ओट्याची जुनी रुंदी शेजारच्या वाचलेल्या घरावरून मोजली, आठवडाभर दुचाकी मोजल्या आणि शेवटी लिहिलं, 'रस्ता रुंद करायला नको होता असं मला म्हणता येत नाही. पण ओट्याचं काम कुठे न्यायचं, हे नकाशात कुणी लिहिलं नव्हतं.' मी त्यात एक स्वल्पविराम बदलला, बाकी हात लावला नाही. त्याला तीन ठिकाणी होकार आला.

शिफारसपत्रांची चूक खास आपली. परदेशात बहुधा तीन पत्रं मागतात, आणि घरात लगेच चर्चा सुरू होते, "मामांच्या ओळखीचे एक आयएएस आहेत." त्या साहेबांनी तुम्हाला कधी काम करताना पाहिलंय का? पत्रात 'चांगल्या घरातला, होतकरू मुलगा' एवढंच येतं. तुमचा सर्व्हेचा रिपोर्ट दोनदा परत पाठवणारे कॉलेजचे सर बरे. त्यांना महिनाभर आधी सांगा, आणि पत्र त्यांच्या कॉलेजच्या ईमेलवरून जाऊ द्या. पत्र स्वतःच लिहून जीमेलवरून पाठवायचा उद्योग करू नका. तिन्ही पत्रांत एकच लाडका शब्दप्रयोग आला की लगेच ओळखू येतं.

प्रवेश मिळाला की घरच्यांना वाटतं सुटलो. चार सत्रांचा एम.प्लॅन. म्हणजे दर सत्राला स्टुडिओ (प्रत्यक्ष जागेवरचा प्रकल्प), मधे उन्हाळी प्रशिक्षण, शेवटी प्रबंध. स्टुडिओ गटात असतो. रात्र रात्र सर्व्हेचे आकडे भरणारा एक आणि सादरीकरणात बोलणारा दुसरा, हे पहिल्याच आठवड्यात वाटून घ्या, नाहीतर श्रेणीवरून मैत्री तुटते.

प्रबंधाला 'इंदूरची वाहतूक समस्या' घेऊ नका, एक चौक घ्या. आकड्यांचा सापळा वेगळाच आहे. हाताशी असलेली जनगणना २०११ ची, तेव्हा महापालिकेत ६९ वॉर्ड होते. नंतर आसपासची गावं जोडली गेली आणि वॉर्ड ८५ झाले. जुनी लोकसंख्या नव्या वॉर्डाच्या नकाशावर चिकटवली की घनतेचे आकडे वेडेवाकडे येतात, आणि व्हायवात पहिलाच प्रश्न तिथे पडतो. जुन्या सीमा नव्या सीमांवर ठेवून लोकसंख्या वाटून घ्या, आणि कशी वाटली ते एका परिच्छेदात लिहा.

परवा रात्री साडेअकराला हॉस्टेलवरून फोन आला. "ताई, सुपर कॉरिडॉरवरच्या मेट्रो स्टेशनभोवती ५०० मीटरचा बफर काढला, तर सगळी पृथ्वीच रंगली!" रंगणारच. बफर म्हणजे ठरावीक अंतराचा घेर. नकाशाचा थर अक्षांश-रेखांशांच्या अंशांत होता, सॉफ्टवेअरनं ५०० अंश धरले. इंदूर ७५ अंश पूर्वेच्या जरा पुढे, म्हणजे मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम पद्धतीचा झोन ४३ उत्तर. थर त्या झोनच्या ३२६४३ या क्रमांकावर नव्यानं सेव्ह कर आणि मग बफर काढ, म्हटलं. पाच मिनिटांनी मेसेज आला, "आलं ताई, गोल आलं."