अ‍ॅडब्लू म्हणजे पाणी नव्हे: डिझेल गाडीवाल्यांनो, या चुका टाळा

गेल्या मे महिन्यात पुतण्याच्या मुंजीसाठी आम्ही इंदूरहून नाशिकला निघालो होतो. एबी रोडनं खाली उतरून खलघाटाचा नर्मदेवरचा पूल ओलांडला आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला: अ‍ॅडब्लू, म्हणजे डिझेलचा धूर साफ करणारं द्रव, कमी आहे. मागच्या सीटवरून मेहुण्यानं लगेच तोडगा काढला. "भाऊजी, त्यात दोन तृतीयांश पाणीच असतं ना? मग बॅटरीचं पाणी घाला की. तेही शुद्धच." हिशेब पटण्यासारखा होता आणि मुहूर्त गाठायचा होता. ठीकरीला पाच लिटरचा कॅन घेतला, त्यातलं दोन लिटर टाकीत ओतलं. दिवा विझला. बिजासन घाट उतरून शिरपूर जवळ आलं तसा दुसरा दिवा लागला, आणि त्याच्यासोबत उलटी मोजणी: अमुक किलोमीटरनंतर इंजिन पुन्हा सुरू होणार नाही.

धुळ्याच्या वर्कशॉपमधल्या पोरानं टाकीतला एक थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या (द्रावणातलं प्रमाण दाखवणाऱ्या यंत्राच्या) काचेवर ठेवला, उजेडाकडे धरून पाहिला आणि विचारलं, "काका, यात काय घातलंत?" पहिला दिवा लागला तेव्हा टाकीत चारेक लिटर शिल्लक होतं. नाशिकला जाऊन इंदूरला परत यायला ते पुरून उरलं असतं. चार लिटरमध्ये दोन लिटर पाणी घातल्यावर युरियाचं प्रमाण ३२.५ वरून २२ टक्क्यांच्या आसपास आलं होतं. टाकी रिकामी करून, धुऊन, नव्यानं भरावी लागली. मंगलाष्टकं आम्ही फोनवर ऐकली. उरलेलं बॅटरीचं पाणी घरच्या इन्व्हर्टरला झालं.

तेव्हापासून ओळखीचा कुणी डिझेल गाडी घेतली की मी हा किस्सा सांगतो आणि मग त्यांचे किस्से ऐकतो. सगळ्यांचं मूळ एकच दिसतं. हे द्रव दिसतं पाण्यासारखं, डिझेलपेक्षा स्वस्त मिळतं, म्हणून आपण त्याला पाण्यासारखंच वागवतो.

आत नेमकं काय असतं

कंपन्या त्याला डीईएफ (डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड) म्हणतात, आपल्याकडे पेट्रोलपंपावर 'अ‍ॅडब्लू' किंवा नुसतं 'युरिया' म्हणून चालतं. अ‍ॅडब्लू हा खरं तर जर्मनीच्या वाहन उद्योग संघटनेचा ट्रेडमार्क. आत ३२.५ टक्के अतिशुद्ध युरिया आणि ६७.५ टक्के क्षारमुक्त पाणी, एवढंच. हे द्रव इंजिनात किंवा डिझेलमध्ये जात नाही. सायलेन्सरच्या वाटेवर गरम धुरात त्याचा फवारा उडतो, युरियाचा अमोनिया होतो, आणि पुढच्या कॅटॅलिस्टमध्ये, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणाऱ्या जाळीदार भागात, तो अमोनिया नायट्रोजन ऑक्साइडचं रूपांतर साध्या नायट्रोजनमध्ये आणि वाफेत करतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे गाडीच्या धुराचे नियम लागू झाले आणि २०२३ मध्ये ते आणखी कडक झाले. त्यानंतर ही टाकी ट्रकपुरती न राहता घरच्या एसयूव्हीतही आली.

३२.५ हा आकडा कुणी सहज ठरवलेला नाही. या प्रमाणात द्रावण सगळ्यात कमी तापमानाला, उणे ११ अंशांना गोठतं, आणि गोठताना पाणी वेगळं, युरिया वेगळा असं होत नाही. इंदूरकरांना गोठण्याची चिंता नाही, लेहला जाणाऱ्यांनीही करू नये, कारण सहसा टाकीत हीटर असतो. त्यात अँटीफ्रीझ मात्र कुणी घालू नये. गाडीचा कॉम्प्युटर किती मिलिलिटर फवारायचं ते याच प्रमाणावर ठरवतो. द्रावण पातळ झालं की अमोनिया कमी पडतो, मागचा सेन्सर ते पकडतो, आणि मोजणी सुरू होते.

पाण्याची चूक

बॅटरीच्या पाण्यानं माझी गाडी बिघडली नाही, फक्त अडली. नळाचं पाणी घातलं असतं तर गोष्ट वेगळी होती. डीईएफच्या मानकात (आयएसओ २२२४१) कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची मर्यादा प्रत्येकी किलोमागे अर्धा मिलिग्रॅम आहे. माळव्यातल्या बोअरचं पाणी किती जड असतं ते गीझरची कॉइल उघडून पाहिलेल्या कुणालाही विचारा. तोच थर बारीक छिद्रांच्या इंजेक्टरवर आणि कॅटॅलिस्टवर बसतो आणि कॅटॅलिस्टवरचा थर धुऊन निघत नाही. आरओचं पाणी गोड लागतं म्हणून ते क्षारमुक्त नसतं. एसीतून ठिबकलेलं पाणी बादलीत साठवून वापरणारे एक काका आमच्या गल्लीत आहेत. ते पाणी कॉइलवरची धूळ आणि धातूचे कण घेऊन उतरतं. शेजारच्या पीथमपूरला ११.३ किलोमीटरच्या ट्रॅकवर गाड्यांची कसून परीक्षा होते, आणि तीच गाडी घरी आली की आपण तिला बादलीतलं पाणी पाजतो.

खताचा युरिया

"दहा लिटर पाणी, पाच किलो युरिया, झालं तयार!" असे व्हिडिओ मोबाइलवर भरपूर फिरतात. सांवेर-देपालपूरकडे शेती असलेल्या घरात ४५ किलोची गोणी असतेच, त्यामुळे मोह होणं साहजिक आहे. गणितही जवळपास जुळतं, म्हणूनच हा प्रकार जास्त घातक.

खताच्या युरियाला २०१५ पासून कडुनिंबाच्या तेलाचा लेप सक्तीचा आहे. पिकाला तो उपकारक, कारण नत्र हळूहळू सुटतं. कॅटॅलिस्टला मात्र तेलाचा अंशही नको असतो. दुसरी गोष्ट बाययुरेटची. युरिया बनवताना तयार होणारं हे संयुग खतात दीड टक्क्यापर्यंत चालतं, डीईएफमध्ये ०.३ टक्क्यांच्या वर चालत नाही. जास्त झालं की इंजेक्टरच्या तोंडाशी पांढरा दगड जमतो. खताचे दाणे कडक राहावेत म्हणून लावलेली रसायनं वेगळीच. कापडानं कितीही गाळा, विरघळलेलं काही निघत नाही. शिवाय अनुदानाचा युरिया शेतीबाहेर वापरणं हा गुन्हा आहे. रब्बीत गव्हासाठी सोसायटीच्या रांगेत उभं राहून मिळवलेली गोणी सायलेन्सरमध्ये घालवणं मला तर पापच वाटतं.

सुटं, बिनलेबलाचं डीईएफ याच जातीचं असू शकतं. सीलबंद कॅनवर आयएसओ २२२४१ आणि उत्पादनाची तारीख पाहा. आणखी एक खूण: नाव 'ब्लू' असलं तरी खरं द्रव रंगहीन असतं. निळंशार दिसलं तर विकत घेऊ नका.

कॅन, नरसाळं आणि गच्ची

चांगलं डीईएफ दुकानातून टाकीपर्यंत येताना खराब होतं, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. गोडतेलाचा रिकामा कॅन 'साबणानं धुतलाय' म्हणून वापरतात, इंजिन ऑइलचं नरसाळं पुसून घेतात. पुसल्यावर राहिलेला तेलाचा पापुद्राही पुरे होतो. पितळी नरसाळं किंवा लोखंडी डबा तर नकोच. डीईएफ तांबं, पितळ, साधं लोखंड, अ‍ॅल्युमिनियम खातं आणि ते विरघळलेले धातू पुढे कॅटॅलिस्टमध्ये जातात. कॅनसोबत येणारी नळीच वापरा, तीही झाकून ठेवा.

साठवणीचं गणित पाठ करण्यासारखं आहे. सतत २५ अंशांत ठेवलं तर साधारण १८ महिने टिकतं, ३० अंशांत १२, ३५ अंशांत जेमतेम ६. इंदूरच्या मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये काय होत असेल ते सांगायला नको. युरिया तिथंच विघटित होऊ लागतो. झाकण उघडताच नाकात झोंबणारा अमोनियाचा वास आला तर तो कॅन टाकीत घालू नका. मोठी बादली स्वस्त पडते म्हणून घेणाऱ्यांनी आधी आपलं रनिंग पाहावं. कारला हजार किलोमीटरला साधारण एक-दीड लिटर लागतं. ट्रकला डिझेलच्या तीन ते पाच टक्के. देवास नाक्यावरच्या ट्रान्सपोर्टरला वीस लिटर काही दिवसांत संपतात, रामबागेतल्या निवृत्त गृहस्थाला वर्षभर पुरतात.

चुकीच्या टाकीत गेलं तर

ही सगळ्यात महागडी चूक. बऱ्याच गाड्यांत दोन्ही झाकणं एकाच फ्लॅपमागे शेजारी असतात, डीईएफचं निळं. डीईएफचं नोझल १९ मिलिमीटरचं असतं, ते डिझेलच्या रुंद तोंडात आरामात जातं. उलटं सहसा घडत नाही, पण कॅननं ओतताना काहीच अडवत नाही.

डिझेलच्या टाकीत डीईएफ गेलं असेल तर इग्निशनची किल्लीही फिरवू नका, कारण नुसत्या किल्लीनं पंप चालू होतो. डीईएफ डिझेलपेक्षा जड असल्यानं तळाशी बसतं, आणि पंपाची नळी तळातूनच ओढते. पंपात, इंजेक्टरमध्ये गंज आणि स्फटिक झाले की पूर्ण इंधन यंत्रणा बदलायची पाळी येते. टो करून न्या, टाकी उतरवून धुऊन घ्या. 'थोडंच गेलंय, वरून डिझेल फुल करू' हा सल्ला पंपावरचा पोरगा हमखास देतो. ऐकू नका. डीईएफच्या टाकीत डिझेल गेलं तरी हेच करा: ते वर तरंगतं, रबरी सील फुगवतं आणि कॅटॅलिस्ट निकामी करतं.

दिवे आणि स्फटिक

भरल्यावरही दिवा तसाच राहिला म्हणून लोक घाबरतात. बऱ्याच गाड्या लिटर-दोन लिटरची भर मोजतच नाहीत. मॅन्युअलमध्ये किमान किती घालायचं ते दिलेलं असतं. सपाट जागी उभं राहून भरा, इग्निशन चालू करून काही मिनिटं थांबा. काठोकाठ भरू नका.

डीपीएफचा दिवा वेगळा. तो काजळीच्या फिल्टरचा, त्याला डीईएफ ओतून काही होत नाही. दोन्हींचा एक शत्रू मात्र समान आहे, छोट्या फेऱ्या. राजवाडा, सराफा, परत घर, एवढंच रोज चालवलं तर धूर पुरेसा तापत नाही. साधारण २०० अंशांच्या खाली युरियाचा अमोनिया नीट होत नाही आणि इंजेक्टरशी पांढरे खडे जमतात. आठवड्यातून एकदा बायपासवर अर्धा तास एका वेगात गाडी काढा.

'सेन्सरच बंद करून देतो भिया' म्हणणारे मेकॅनिक आहेत. इम्युलेटर (गाडीच्या कॉम्प्युटरला खोटा सिग्नल देणारं यंत्र) लावून दिवे विझतात खरे, पण प्रदूषण नियंत्रणाची यंत्रणा निकामी करणं बेकायदा आहे आणि वॉरंटी जाते ती वेगळीच.

काही बीएस-६ डिझेल गाड्यांना ही टाकीच नसते. त्यांचं काम नायट्रोजन ऑक्साइड धरून ठेवणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या ट्रॅपवर चालतं. निळं झाकण दिसत नसेल तर ते शोधत बसू नका.

झाकणाभोवती जमलेली पांढरी पूड मात्र बिघाड नाही, सांडलेलं डीईएफ वाळून झालेला युरिया आहे तो. कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं पुसा. रंगावर सांडलं असेल तर वाळायच्या आत धुऊन टाका.