गोव्यात पिकअप घेताना आधी माल मोजा, मग गाड्या

पिकअप घ्यायचं ठरलं की बहुतेक जण सरळ शोरूम गाठतात, नाहीतर मोबाइलवर दोन गाड्यांचे आकडे शेजारीशेजारी लावून बसतात. हॉर्सपॉवर किती, टॉर्क किती, स्क्रीन केवढी. माझ्या मते ही सुरुवातच चुकीच्या टोकाने होते. तुमचा माल कोणता, त्याचं वजन किती आणि तो कुठल्या वाटेने जाणार, हे कागदावर उतरल्याशिवाय कुठली गाडी चांगली हे कुणालाच सांगता येणार नाही. सत्तरीतल्या कुळागरवाल्याची (सुपारी-नारळाच्या बागायतवाल्याची) गरज वेगळी, मालिमच्या धक्क्यावरून मासळी उचलणाऱ्याची वेगळी आणि शिवोलीत घरं बांधणाऱ्या कंत्राटदाराची त्याहून वेगळी.

पहिली पायरी: सर्वांत जड दिवस लिहून काढा

रोजचा सरासरी माल धरू नका. वर्षातला जो सर्वांत जड दिवस असतो, तो धरा. मे महिन्यात विहीर तळाला गेली आणि कुळागराला पाणी न्यायची वेळ आली, तर ५०० लिटरच्या टाकीतलं नुसतं पाणीच ५०० किलो भरतं. हजार लिटरची टाकी ठेवली की एक टन झाला, टाकीचं वजन वेगळं. सिमेंटची गोणी ५० किलोची, म्हणजे वीस गोण्यांचाही एक टन. सोललेला नारळ साधारण अर्धा किलो धरला तर हजार नारळ अर्ध्या टनाला पोचतात. चिऱ्यांचा हिशेब तर बहुतेकांचा हमखास चुकतो: एक चिरा (बांधकामाचा जांभा दगड) ३० किलोच्या आसपास धरा, पावसात भिजलेला आणखी जड. वीस चिरे गाडीच्या मागच्या हौद्यात दिसतात मूठभर, पण वजन ६०० किलोपर्यंत जातं.

हा आकडा हातात आला की निम्म्या गाड्या आपोआप यादीतून गळतात.

दुसरी पायरी: पासिंग किती ते कागदावर पाहा

विक्रेता म्हणेल, 'टनभर आरामात ओढते.' ओढेलही. पण रस्त्यावर गाडी अडवली जाते किंवा विम्याचा दावा तपासला जातो, तेव्हा फक्त पासिंग, म्हणजे कागदावर मंजूर असलेलं वजन, मोजलं जातं. नोंदणीच्या कागदावर गाडीचं रिकामं वजन आणि मालासकट एकूण वजन असे दोन आकडे असतात. दुसऱ्यातून पहिला वजा केला की जे उरतं ते तुमच्या हक्काचं वजन, आणि त्यात माणसंही आली. डबल केबिनमध्ये (पुढे-मागे आसनांच्या दोन रांगा असलेल्या गाडीत) ७० किलोची पाच माणसं बसली की ३५० किलो तिथेच संपले.

आपल्याकडच्या पिकअप इथेच दोन जातींत विभागल्या जातात, हे ध्यानात घ्या. टोयोटा हायलक्स आणि इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस या जगभर मध्यम आकाराच्या पिकअप म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गाड्या. पाच आसनं, मोटारीसारखं केबिन, लांब पल्ल्याला उत्तम. पण आपल्याकडे त्यांचं कागदावरचं माल वाहायचं वजन एका टनाच्या बरंच खाली असतं. उलट महिंद्रा बोलेरो पिकअप, बोलेरो कॅम्पर, टाटा योद्धा या कामाच्या गाड्या. २०२२ मध्ये आलेल्या योद्धा २.० ची क्षमता थेट २,००० किलोपर्यंत जाते. किमतीत म्हणाल तर एका हायलक्सच्या पैशांत दोन, कधी तीन बोलेरो पिकअप दारात उभ्या राहतील. या दोन जातींची आपसात तुलना करण्यात वेळ घालवू नका. आधी जात ठरवा, मग त्याच जातीतल्या गाड्या शेजारी ठेवा.

जास्त माल भरला तर दंड २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी २,०००. पाइप किंवा सळ्या हौद्याच्या बाहेर लोंबकळत नेल्या तरी २०,००० चाच दंड आहे. पाइप सहा मीटरचा असतो आणि कुठल्याच पिकअपचा हौदा तेवढा लांब नसतो, म्हणून प्लंबिंगचं काम करणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं.

तिसरी पायरी: पांढरी पाटी की पिवळी

हायलक्स आणि व्ही-क्रॉस खासगी म्हणून पांढऱ्या पाटीवर नोंदवता येतात. नोंदणी १५ वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. दुसऱ्याचा माल भाड्याने वाहायचा असेल तर मात्र पिवळी पाटीच हवी. मग फिटनेसही, म्हणजे गाडी चालवण्यायोग्य असल्याची तपासणीही आली: पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. मालवाहू गाडीचं एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असेल तर मोटार वाहन कायद्यानुसार परमिट लागत नाही. त्यावर गेलं की लागतं. बेळगावहून भाजी आणायचा विचार असेल, तर गाडी या रेषेच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे खरेदीआधीच बघा.

लायसन्सचा प्रश्न बरेच जण विचारतात. हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोच्या आतली मालवाहू गाडी चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं केलं आहे.

आणि एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. हौद्यात कामगार बसवून न्यायचे नाहीत. नारळ काढणारा पाडेली असो, मळणीची माणसं असोत की चतुर्थीचा बाजार करून परतणारी घरची मुलं असोत. कायद्याने ते चालत नाही, अपघात झाला तर विमा हात वर करतो, आणि वळणावर हौद्यात धरायला काही नसतं. माणसं न्यायचीच असतील तर डबल केबिन घ्या आणि हौदा थोडा आखूड आहे हे मान्य करा.

चौथी पायरी: टेप घेऊन शोरूममध्ये जा

खरंच मोजायची टेप न्या. हौद्याची लांबी सगळेच सांगतात. तुम्ही चाकांवरच्या दोन फुगवट्यांमधली रुंदी मोजा, कारण सपाट तळ तेवढाच असतो. डबल केबिनच्या मोठ्या पिकअपचा हौदा दीड मीटरच्या आसपास लांब असतो. आठ बाय चार फुटी प्लायवूड म्हणजे २.४४ मीटर लांब आणि १.२२ रुंद. ते त्यात आडवं पडत नाही. फाळका (हौद्याचं मागचं झाकण) उघडा ठेवून फुगवट्यांवर तिरकं टाकावं लागतं. कामाच्या सिंगल केबिन गाडीत ते सरळ मावतं.

मग फाळका उघडा आणि जमिनीपासून हौद्याच्या कडेपर्यंतची उंची मोजा. दिवसाला चाळीस क्रेट चढवणाऱ्या माणसासाठी ही उंची टॉर्कपेक्षा महत्त्वाची. कमरेच्या वर गेली की दोन माणसं लागतात, आणि रोज दुसरा माणूस ठेवणं परवडतं का याचा हिशेब करा. बाजूचे फाळकेही उघडतात का, ते पाहा. अरुंद वाड्यात गाडी मागे लावता आली नाही तर तेच कामी येतात.

पाचवी पायरी: तुमची वाट

हायलक्स आणि व्ही-क्रॉस दोन्ही ५.३ मीटरच्या आसपास लांब आहेत. वळायला जागाही जास्त लागते. घरापर्यंतच्या वाटेवर सर्वांत अरुंद वळण कुठलं, ते तुम्हाला ठाऊकच असेल. टेस्ट ड्राइव्हची गाडी तिथेच न्या. एका बाजूला चिऱ्यांची गडगी आणि दुसरीकडे गटार अशा वळणावर गाडी एका दमात वळते की तीनदा पुढे-मागे करावी लागते, हे पाच मिनिटांत कळतं.

चोडण, दिवाडी या बेटांवरच्या लोकांनी फेरीबोटीचा विचार करावा. भरतीला उतार सौम्य असतो, पण ओहोटीला रॅम्प उभा होतो आणि लांब गाडीचं शेपूट खाली घासतं. मागे टोईंगचा हुक बसवला असेल तर पहिल्यांदा तोच टेकतो. टेस्ट ड्राइव्ह मुद्दाम ओहोटीच्या वेळी मागा.

फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ओढ, हवं का? पावसात तांबड्या मातीच्या चढावर रिकामी पिकअप फार लवकर घसरते, कारण इंजिन पुढे, मागे वजन नाही आणि ओढणारी चाकं मागची. सत्तरी, सांगे, काणकोणच्या आतल्या भागात बागायत असेल तर फोर बाय फोरचे पैसे वसूल होतात. म्हापसा-पणजी-मडगाव एवढंच फिरणं असेल तर होत नाहीत. या गाड्यांत ते पार्ट-टाइम असतं, म्हणजे गरजेपुरतं चालू करायचं. सुक्या डांबरावर ते चालू ठेवून वळणं घेतली की पुढच्या-मागच्या धुऱ्यांना वेगवेगळा वेग घेता येत नाही, गिअर आणि सांधे ताणले जातात. चिखल संपला की बंद करायचं.

घाटासाठी टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ बघा, पण ती किती आरपीएमवर (इंजिनाच्या किती फेऱ्यांवर) मिळते तेही बघा. हायलक्सच्या २.८ लिटर डिझेल इंजिनाला मॅन्युअलमध्ये ४२० आणि ऑटोमॅटिकमध्ये ५०० न्यूटन मीटर टॉर्क आहे, व्ही-क्रॉसच्या १.९ लिटरला ३६०. केरीहून चोर्ला चढताना भरल्या गाडीत हा फरक जाणवतो. रोज पाच-सात किलोमीटरच फिरवणार असाल तर आणखी एक प्रश्न विचारा: नव्या डिझेल गाड्यांत धूर अडवणारा फिल्टर असतो, तो साफ व्हायला गाडी अधूनमधून लांब पळवावी लागते. तुमच्या फिरण्यात ते बसतं का?

सहावी पायरी: भरलेली गाडी चालवून बघा

रिकामी टेस्ट ड्राइव्ह पिकअपबद्दल अर्धीच गोष्ट सांगते. मागे कमानपाटे (स्प्रिंगच्या वाकवलेल्या पट्ट्या) असतात, त्यामुळे रिकामी गाडी गचके देते आणि वजन पडलं की शांत होते. पासिंगच्या आतलं वजन घालून चालवू द्या, असं आधी फोन करून सांगा. कामाच्या गाडीला सिमेंटच्या आठ-दहा गोण्या पुरतात, मोठ्या पिकअपमध्ये माणसं धरून पासिंगमध्ये बसतील तेवढ्याच. उतारावर ब्रेक दाबा, चढावर थांबवून पुन्हा काढा, आणि परत आल्यावर मागून बघा: हौदा किती बसला, दिव्यांचा झोत वर झाडांवर गेला का. डीलर नाही म्हणाला तर तीच गाडी वापरणारा कुणी गाठा आणि त्याच्यासोबत एक फेरी मारा. मी तर म्हणेन, डीलरने दिली तरी तशा माणसाला भेटाच.

सातवी पायरी: खारं पाणी

किनाऱ्यावरच्या गाडीचं आयुष्य इंजिन ठरवत नाही, गंज ठरवतो. मासळीच्या क्रेटमधला बर्फ वितळला की खारं पाणी हौद्याच्या सांध्यांतून खाली झिरपतं आणि फाळक्याच्या बिजागरीपाशी, मागच्या पाट्यांच्या टांगणीपाशी साचतं. वरचा रंग चकचकीत असतो, आत पत्रा पापुद्रा धरतो. म्हणून हौद्यातली पाणी जायची भोकं कुठे आहेत, ती चासीवर तर रिकामी होत नाहीत ना, हे वाकून पाहा. हौद्याला लायनर (आतलं अस्तर) आणि खालून गंजरोधक थर यांची किंमत कोटेशनमध्येच धरा आणि जूनच्या आधी ते काम करून घ्या.

सेकंड हँड घेणार असाल तर हाच तपास आधी. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने चासीवर ठोकत जा. खणखणीत आवाजाऐवजी भद्द आवाज आला, किंवा टोकाने पत्रा दबला, तर किंमत कितीही उतरली तरी ती गाडी सोडा.

आठवी पायरी: सर्व्हिस आणि शेवटचं कोटेशन

कामाच्या पिकअपचे पार्ट गावच्या गॅरेजातही मिळतात. मोठ्या पिकअपला कंपनीचं वर्कशॉप लागतं, म्हणून ते तुमच्यापासून किती दूर आहे आणि क्लच किंवा पुढची काच यायला किती दिवस लागतात, ते सर्व्हिसच्या काउंटरवर विचारा, विक्रीच्या नव्हे.

जुने किमतीचे तक्ते फेकून द्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे त्याआधीची तुलना आज लागू पडत नाही. दोन गाड्यांची ऑन-रोड कोटेशन एकाच दिवशी घ्या. दोन्हींवर रिकामं वजन, एकूण वजन, नोंदणी खासगी की व्यावसायिक, विम्याचा प्रकार आणि लायनरचा खर्च लिहून मागा. जो डीलर पासिंगचं वजन लेखी द्यायला टाळाटाळ करेल, त्याच्याकडे बुकिंगचे पैसे भरू नका.