बंद झालेले ड्रीमकास्ट चालते कसे ठेवावे

सेगा या जपानी कंपनीने ३१ जानेवारी २००१ रोजी जाहीर केले की ड्रीमकास्ट या व्हिडिओ गेम कन्सोलचे उत्पादन मार्चअखेर थांबेल आणि त्यानंतर कंपनी स्वतःची यंत्रे न काढता इतरांच्या यंत्रांसाठी खेळ तयार करील. जपानमध्ये २७ नोव्हेंबर १९९८ रोजी आणि अमेरिकेत ९ सप्टेंबर १९९९ रोजी बाजारात आलेल्या या यंत्राला पुरती अडीच वर्षेही मिळाली नाहीत. जगभरात त्याची सुमारे ९१ लाख नगे विकली गेली. प्रतिस्पर्धी प्लेस्टेशन २ पुढे १५ कोटींच्या पलीकडे गेले, त्यावर डीव्हीडी चित्रपटही पाहता येत, आणि इलेक्ट्रॉनिक आर्ट्ससारख्या मोठ्या प्रकाशकाने ड्रीमकास्टसाठी एकही खेळ काढला नाही. आधीच्या सॅटर्न या कन्सोलच्या तोट्यातून न सावरलेल्या सेगाला ही झुंज पेलण्यासारखी नव्हती.

तरीही हे यंत्र आज वापरात आहे, आणि त्याचे कारण केवळ स्मरणरंजन नव्हे. ड्रीमकास्ट घडवताना सेगाने त्यात काही दारे उघडी ठेवली: चित्र थेट संगणकाच्या मॉनिटरवर नेता येत होते, मोडेम काढता-घालता येत होता, आणि मिल-सीडी नावाच्या संगीतप्रधान तबकड्यांसाठी साध्या सीडीवरून सुरू होण्याची सोय होती. या शेवटच्या सोयीतून २००० साली नकली तबकड्यांचा सुळसुळाट झाला, पण कंपनी निघून गेल्यावर याच दाराने हौशी प्रोग्रामर आत आले. कंपनीला जे छिद्र महाग पडले, तेच यंत्राच्या पथ्यावर पडले, असे माझे मत आहे. मात्र वारसा म्हटला की घराबरोबर त्यावरचे कर्जही येते, आणि ड्रीमकास्टचे कर्ज म्हणजे झिजलेले लेसर, मेलेला सेल आणि मळलेल्या पिना. ते कसे फेडावे, हे पुढे सांगितले आहे.

घेण्यापूर्वी तळ पाहावा

यंत्र परदेशातून येणार असेल तर विक्रेत्याकडून तळावरच्या लेबलचा स्पष्ट फोटो अवश्य मागवावा. मॉडेल क्रमांक एचकेटी-३००० असेल तर यंत्र जपानी, ३०२० असेल तर अमेरिकी आणि ३०३० असेल तर युरोपीय असते. सुरू होताना पडद्यावर येणारे भोवऱ्याचे चिन्ह जपानी आणि अमेरिकी यंत्रांत नारिंगी तर युरोपीय यंत्रांत निळे असते, त्यामुळे विक्रेत्याचा व्हिडिओ आणि लेबल जुळते की नाही हेही ताडता येते. या तपासणीचा भारतातील वापराशी थेट संबंध आहे. जपानी यंत्र १०० व्होल्टचे, अमेरिकी १२० व्होल्टचे असते. आपल्या घरातील २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये ते सरळ लावले तर पहिल्याच क्षणी पॉवर सप्लाय जळतो. तारेची पिन मुकाट्याने बसते, म्हणून हा अपघात सहज घडतो. यंत्राच्या व्होल्टेजला जुळणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा, किंवा मूळ पॉवर सप्लायच्या जागी १२ व्होल्टच्या अ‍ॅडॅप्टरवर चालणारा बदली बोर्ड बसवावा. युरोपीय यंत्राला यापैकी कशाचीच गरज नसते.

त्याच लेबलवर एका वर्तुळात ०, १ किंवा २ असा अंक छापलेला असतो. हा अंक आतील रचनेची आवृत्ती सांगतो आणि खरेदीत त्याला मॉडेल क्रमांकाइतकेच महत्त्व द्यावे. ० हा अंक सुरुवातीच्या यंत्रांवर असतो. १ सर्वांत सहज मिळतो आणि पुढे सांगितलेल्या एसडी कार्डाच्या बदलासाठी तोच सोयीचा असतो. उशिरा बनलेल्या यंत्रांतून, विशेषतः २ हा अंक असलेल्यांतून, सेगाने मिल-सीडीची सोय काढून टाकली होती, त्यामुळे हौशी लोकांनी बनवलेले खेळ सीडीवर लिहून चालवण्याचा बेत असेल तर असे यंत्र टाळावे. प्लास्टिक पिवळे पडले आहे म्हणून मात्र यंत्र नाकारू नये. रंग उडाला तरी यंत्राच्या कामात काही फरक पडत नाही.

उघडणे आणि साफ करणे

ड्रीमकास्टचे कवच चार स्क्रूंवर असते आणि त्यांपैकी एक मोडेमखाली लपलेला असतो. हे ठाऊक नसल्यामुळे जोर लावून कवचाचा कोपरा मोडल्याची उदाहरणे कमी नाहीत. आधी बाजूचा मोडेम सरकवून काढावा, मग चारही स्क्रू सोडवावे. यंत्र उघडण्यापूर्वी तार काढून बराच वेळ थांबावे, आणि आत डाव्या बाजूला दिसणाऱ्या पॉवर सप्लायच्या बोर्डाला खालून हात लावू नये, कारण त्यावरील मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते आणि हा बोर्ड कोणत्याही आच्छादनाविना उघडा बसवलेला असतो.

खेळता खेळता यंत्र आपोआप पुन्हा सुरू होत असेल, तर लोक प्रथम लेसरला दोष देतात. बहुतेक वेळा दोष त्याहून क्षुल्लक असतो. मुख्य बोर्डावरून उभ्या आलेल्या काही पिना पॉवर सप्लायच्या सॉकेटमध्ये शिरतात. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि दमटपणाने त्यांवर ऑक्साइडचा थर चढतो, संपर्क ढिला होतो आणि व्होल्टेज क्षणभर खाली येते. पॉवर सप्लाय स्क्रू काढून सरळ वर उचलावा, पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेल्या कापसाने चकचकीत होईपर्यंत पुसाव्या, त्या किंचित, अगदी केसभर, वाकवाव्या म्हणजे पकड घट्ट होते, आणि सप्लाय परत बसवावा. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात हा थर लवकर परततो, त्यामुळे वर्षाआड ही साफसफाई करण्याची सवय ठेवलेली बरी.

चारही कंट्रोलर एकदम मेले असतील तर पुढच्या छोट्या बोर्डावर 'एफ१' असे लिहिलेला फ्यूज उडालेला असतो. मल्टिमीटरने तो तपासावा आणि तसाच फ्यूज लावावा. तारेचा तुकडा डकवून काम भागवण्याचा मोह टाळावा. यंत्र चालू असताना कंट्रोलर काढणे-घालणे हे या फ्यूजच्या मरणाचे नेहमीचे कारण असते.

त्याच बोर्डावर घड्याळासाठीचा सेल सोल्डर केलेला असतो. तो संपला की यंत्र दरवेळी तारीख-वेळ विचारते. अनेकजण ही कटकट सोसत बसतात, पण खऱ्या घड्याळावर चालणारे खेळ, उदाहरणार्थ 'सीमन', ज्यात मानवी चेहऱ्याच्या माशाला मायक्रोफोनमधून बोलून रोज सांभाळावे लागते, या सेलाशिवाय धड खेळताच येत नाहीत. सेल बदलताना मोठी चूक होते ती अशी: हा सेल यंत्राकडून सतत चार्ज होत असतो, म्हणून तेथे पुन्हा चार्ज होणारा एमएल२०३२ प्रकारचाच सेल लागतो. दिसायला अगदी सारखा असलेला साधा सीआर२०३२ तेथे बसवला, तर तो फुगून गळू शकतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात दुकानदाराला सांगताना पूर्ण क्रमांक सांगावा, "तो गोल सेल द्या" एवढ्यावर थांबू नये. शक्य असेल तर सेलाऐवजी सेलाचे घर सोल्डर करून घ्यावे, म्हणजे पुढच्या वेळी सोल्डरिंग आयर्न काढावेच लागणार नाही.

तबकडी की कार्ड

ड्रीमकास्टच्या खेळांच्या तबकड्या जीडी-रॉम या यामाहाच्या साहाय्याने बनवलेल्या प्रकारच्या असून त्यांत सुमारे १ गिगाबाइट मजकूर मावतो. साध्या संगणकाच्या ड्राइव्हला त्यांतले केवळ आतले कडे दिसते. बाहेरचा दाट भाग ड्रीमकास्टचे स्वतःचे ड्राइव्हच वाचते, आणि हे ड्राइव्ह आता कुठेच नव्याने बनत नाही. सर्व दुरुस्त्यांत अवघड दुरुस्ती हीच आहे.

तबकडी वाचली जात नसेल तर आधी तबकडी पुसावी, केंद्राकडून कडेकडे, गोल-गोल कदापि नव्हे. मग लेसरचे भिंग अल्कोहोलने हलक्या हाताने पुसावे, नंतर भिंग ज्या दांड्यांवरून सरकते त्यांवरचे सुकलेले वंगण काढून थोडे नवे लावावे. एवढ्याने काम बहुधा होते. ड्राइव्हवरचा छोटा पोटेन्शिओमीटर फिरवून लेसरची ताकद वाढवण्याचा सल्ला सर्वत्र मिळतो. तो अगदी शेवटचा उपाय समजावा, कारण दिवा विझण्याआधी वात मोठी करण्यासारखेच ते आहे: चार दिवस उजेड वाढतो आणि तेल लवकर संपते.

दुसरा मार्ग म्हणजे ड्राइव्ह काढून त्याजागी एसडी कार्ड वाचणारा जीडीईएमयू किंवा तत्सम बोर्ड बसवणे. खेळ लगेच उघडतात आणि ड्राइव्हची घरघर बंद होते. त्या जागी पंख्याचा आवाज तेवढा ऐकू येतो. काढलेले ड्राइव्ह फेकू नये. ते जपून ठेवावे, कारण स्वतःकडच्या अस्सल तबकडीची प्रत काढून ठेवण्यासाठी उद्या तेच लागेल. ज्यांना यंत्र मूळ रूपातच राखायचे आहे, त्यांनी मात्र हा बदल करू नये. मी स्वतः एक यंत्र मूळ आणि एक कार्डाचे अशी वाटणी केली आहे, पण ती चैन आहे हे मान्य करतो.

नवे खेळ कोठून येतात, हा प्रश्न हमखास विचारला जातो. सेगाची अधिकृत साधने न वापरता कॅलिस्टीओएस या मुक्त लायब्ररीवर, म्हणजे तयार प्रोग्रामांच्या संचावर, हौशी मंडळी आजही खेळ लिहितात, आणि 'स्टर्मविंड' हा नेमबाजीचा खेळ २०१३ साली, म्हणजे यंत्र बंद होऊन बारा वर्षांनी, तबकडीवर विकला गेला. जपानमध्ये परवानाधारक खेळांची अखेर झाली ती मार्च २००७ मध्ये 'कारूस'ने.

सेव्ह, पडदा आणि कंट्रोलर

प्रगती साठवणारे व्हीएमयू हे छोटे उपकरण कंट्रोलरच्या वरच्या खाचेत बसते आणि त्याला स्वतःचा ४८ गुणिले ३२ बिंदूंचा पडदा असतो. त्यात दोन सीआर२०३२ सेल लागतात. ते संपले की यंत्र सुरू करताना व्हीएमयू कर्कश ओरडते. घाबरण्याचे कारण नाही, कारण सेव्ह फ्लॅश मेमरीत असतात आणि सेल संपल्याने पुसले जात नाहीत. सेल आत गळाले तर संपर्क-पट्ट्या खातात, एवढी काळजी घ्यावी. सेव्हची प्रत संगणकावर हवी असेल तर ड्रीमशेल हा मुक्त प्रोग्राम आणि एसडी कार्डाचा अ‍ॅडॅप्टर वापरून ती काढून ठेवता येते.

पडद्याच्या बाबतीत पिवळ्या-लाल-पांढऱ्या तारेवर समाधान मानू नये. बहुतेक खेळ व्हीजीए, म्हणजे संगणकाच्या मॉनिटरच्या, तारेवरून ६४० गुणिले ४८० चे स्वच्छ चित्र देतात, आणि ते व्हीजीए-एचडीएमआय रूपांतरकामार्फत आजच्या टीव्हीवर जाते. भंगारवाल्याकडे जाड काचेचा जुना मॉनिटर दिसला तर तो मागून घ्यावा: अशा मॉनिटरवर 'सोलकॅलिबर' हा खेळ ज्याने पाहिला, त्याला रूपांतरकाचे चित्र गोड लागत नाही. व्हीजीए न मानणारे मोजके खेळ जुन्याच तारेवर चालवावे लागतात.

कंट्रोलरची अॅनालॉग काठी चुंबकाच्या आधारे स्थिती ओळखते, घासणाऱ्या पट्ट्यांच्या आधारे नव्हे, म्हणून इतक्या वर्षांनंतरही ती आपोआप एका बाजूला सरकत नाही. आजचे महाग कंट्रोलर हेच तंत्र नवलाई म्हणून विकतात.

जाळ्यावर परत

अमेरिका, जपान आणि युरोपात विकलेल्या ड्रीमकास्टबरोबर मोडेम मिळतच असे. 'फँटसी स्टार ऑनलाइन' हा डिसेंबर २००० मधला खेळ घरातील टेलिफोनच्या तारेवरून चार जणांना एकत्र आणत असे. मूळ सर्व्हर केव्हाच बंद झाले, पण हौशी लोकांनी चालवलेले सर्व्हर तो खेळ आणि 'क्वेक ३ अरीना' आजही खेळू देतात. त्यासाठी टेलिफोन कंपनीची गरज नाही. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर ड्रीमपाय ही प्रणाली कार्डावर लिहून बसवावी, त्याला यूएसबी मोडेम जोडावा आणि त्याची तार ड्रीमकास्टच्या मोडेमला लावावी. ड्रीमकास्ट नंबर फिरवते, ड्रीमपाय पलीकडून उचलून घरातल्या इंटरनेटशी गाठ घालून देते. काही मोडेमना तारेत थोडे व्होल्टेज असल्याखेरीज लाईन जिवंत वाटत नाही. त्यांच्यासाठी छोटा व्होल्टेज देणारा जोड मध्ये लावावा लागतो. पहिल्या प्रयत्नात जोडणी झाली नाही तर आधी हीच गोष्ट तपासावी, खेळाच्या सेटिंगमध्ये हात घालू नये.

खेळून झाल्यावर यंत्राची तार सॉकेटमधून काढावी, तबकडी आत ठेवू नये, महिनाभर न वापरण्याचा विचार असेल तर व्हीएमयूतले दोन्ही सेल काढून ठेवावे, आणि पावसाळ्यात यंत्र झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे, पण ते पूर्ण थंड झाल्यावरच.