युरोव्हिजनच्या ज्युरीत पहिल्यांदा बसणाऱ्यांसाठी

युरोव्हिजन ही मुख्यतः युरोपातल्या देशांमधली दरवर्षी होणारी गाण्यांची स्पर्धा, आणि तिथे प्रत्येक देशाची आपली ज्युरी, म्हणजे परीक्षकमंडळ, असते. या ज्युरीत नव्याने येणारा माणूस बहुतेकदा गुण द्यायची तयारी करून येतो. कुणाला दहापैकी आठ, कुणाला साडेसहा. तिथे मात्र त्याने गुण द्यायचे नसतात, क्रम लावायचा असतो. अंतिम फेरीत साधारण २६ गाणी असतात. आपल्या देशाचं गाणं असेल तर ते वगळायचं आणि उरलेल्या २५ गाण्यांना १ ते २५ असे क्रमांक द्यायचे. दोन गाण्यांना एकच क्रमांक चालत नाही, एकही जागा रिकामी ठेवता येत नाही. १२, १०, ८ आणि मग १ पर्यंत उतरणारे गुण सगळ्या परीक्षकांच्या क्रमवाऱ्या एकत्र केल्यावर निघतात. ही गुणपद्धत १९७५ पासून चालू आहे. २०१६ पासून प्रत्येक देशाच्या ज्युरीचे आणि प्रेक्षकांचे गुण वेगवेगळे दिले जातात.

क्रमवाऱ्या एकत्र कशा होतात हे आधीच समजून घ्या, कारण आपली शक्ती कुठे खर्च करायची ते त्यावरच ठरतं. पूर्वी सरळ सरासरीचा हिशेब होता. समजा पाच परीक्षक आहेत. एका गाण्याला चौघांनी दुसरा क्रमांक दिला आणि पाचव्याने पंचविसावा. बेरीज ३३. दुसऱ्या एका गाण्याला पाचही जणांनी सहावा दिला, बेरीज ३०. म्हणजे चौघांच्या मनातलं गाणं एका माणसामुळे मागे पडलं आणि कुणाच्याच मनात विशेष न भरलेलं गाणं पुढे गेलं. २०१८ पासून पद्धत बदलली. आता वरच्या क्रमांकांमधलं अंतर मोठं धरतात आणि खाली जावं तसं ते कमी होत जातं. पहिल्या-दुसऱ्यातला फरक विसाव्या-एकविसाव्यातल्या फरकापेक्षा कितीतरी मोठा मानला जातो. त्यामुळे एकट्या परीक्षकाला एखादं गाणं सहजासहजी बुडवता येत नाही, पण वर उचलायला त्याची चांगली मदत होते. म्हणून तुमच्या यादीतल्या पहिल्या दहा-बारा जागांवर नीट डोकं लावा. एकोणिसावं कोण आणि विसावं कोण यावर पाच मिनिटं घालवणं हा वेळेचा अपव्यय आहे.

याच टप्प्यावर होणारी एक चूक इतकी साधी आहे की ती होऊ शकते यावर विश्वास बसत नाही: यादी उलटी भरणं. २०१६ मध्ये डेन्मार्कच्या एका परीक्षकाकडून हे घडलं. सर्वांत आवडलेलं गाणं तळाला गेलं, न आवडलेलं वर आलं आणि त्या देशाच्या ज्युरीचे गुण चुकीच्या ठिकाणी पडले. असं होण्याचं कारण उघड आहे. आयुष्यभर ‘जास्त आकडा म्हणजे चांगलं’ अशी सवय लागलेली असते आणि इथे १ म्हणजे सर्वोत्तम असतो. यावर उपाय एकच. यादी सोपवण्यापूर्वी पहिल्या क्रमांकाच्या आणि शेवटच्या क्रमांकाच्या देशाचं नाव बोटाने दाखवत मनात वाचा आणि स्वतःला विचारा, यातलं पुन्हा ऐकावंसं कोणतं वाटतं? उत्तर तळाशी सापडलं, तर यादी उलटी आहे.

ज्युरीत येतं कोण? निवड त्या त्या देशाची प्रसारणसंस्था करते. परीक्षा नाही, अर्जाचा ठरावीक नमुना नाही. बरीच वर्षं पाच जणांची ज्युरी होती. २०२६ च्या स्पर्धेपासून ती सात जणांची झाली आणि त्यात किमान दोघं १८ ते २५ वयाचे असावेत असा नियम आला. गायक, संगीतकार, गीतकार, निर्माते आणि रेडिओवरचे निवेदक यांच्यासोबत आता संगीत समीक्षक, पत्रकार, शिक्षक, नृत्यदिग्दर्शक आणि रंगमंच दिग्दर्शकही बसू शकतात. परीक्षक त्या देशाचा नागरिक असावा लागतो, प्रसारणसंस्थेच्या नोकरीत नसावा लागतो आणि स्पर्धेतल्या कुठल्याही गाण्याशी वा गायकाशी त्याचा असा संबंध नसावा लागतो की मत मोकळं राहणार नाही. शेवटची अट वाटते त्यापेक्षा अवघड आहे. युरोपात एकेक गाणं चार-पाच जण मिळून लिहितात आणि तेच लेखक एकाच वर्षी दोन-तीन देशांच्या गाण्यांत सापडतात. त्यामुळे होकार देण्यापूर्वी सगळ्या गाण्यांची श्रेयनामावली वाचून काढा. तुमचा जुना सहलेखक किंवा तुमचीच प्रकाशन कंपनी तिथे दिसली, तर ती माहिती लपवू नका, आधीच सांगा. नंतर इतरांनी शोधून काढली तर सगळ्या ज्युरीच्या मताबद्दल शंका घेतली जाते.

आधी सराव हवा असेल तर देशोदेशीच्या निवडस्पर्धा पाहा. स्वीडनच्या मेलोडीफेस्टिवालेनच्या अंतिम फेरीत इतर देशांच्या ज्युरी मत देतात. तिथला निकाल लागण्यापूर्वी आपली क्रमवारी कागदावर लिहून ठेवायची आणि मग ज्युरींच्या निकालाशी ताडून बघायची. कुठे आणि का वेगळे पडलो हे कळणं फार मोलाचं असतं.

स्पर्धा मे महिन्यात होते आणि सगळी गाणी मार्चच्या मध्यापर्यंत जाहीर झालेली असतात. म्हणजे हाताशी जवळपास दोन महिने मिळतात. या काळात एकेक गाणं तीनदा ऐकावं असं माझं मत आहे, त्याहून जास्त नको. पहिल्यांदा फक्त आवाज, चित्रफीत न बघता. कुणाकडून तरी क्रम बदलून आणि देशाचं नाव झाकून घेतलं तर उत्तमच. दुसऱ्यांदा शब्दांचा अर्थ समोर ठेवून. तिसऱ्यांदा आठवड्याभराच्या अंतराने, हे तपासायला की चाल आठवते का आणि आठवते ती कुठून. चौथ्या-पाचव्या वेळेपासून कान फसवू लागतो, ओळखीची झालेली चाल चांगली वाटायला लागते. सट्टेबाजांचे अंदाज तर अजिबात बघू नका. ते डोक्यात एकदा शिरले की निघत नाहीत.

गाणं जास्तीत जास्त तीन मिनिटांचं असतं, हा नियम आहे. या मर्यादेमुळे रचनेतलं कसब आणि कच्चेपणा दोन्ही लवकर उघडे पडतात. पहिलं ध्रुवपद साधारण मिनिटाच्या आत आलं पाहिजे, नाहीतर पुढे घाई होते. दुसरा अंतरा बहुतेक जण अर्ध्यावर तोडतात. तो तोडूनही अर्थ आणि चाल शाबूत राहते का ते पाहा. खरी कसोटी दोन मिनिटांच्या आसपास, ब्रिजमध्ये, म्हणजे शेवटच्या ध्रुवपदाआधीच्या वेगळ्या चालीच्या तुकड्यात लागते. तिथे गाण्याने नवीन काही सांगितलं, की नुसता ढोल वाढवून तेच ध्रुवपद परत आणलं? शेवटी पट्टी एक-दोन स्वरांनी वर नेणं ही जुनी आणि हुकमी युक्ती आहे. ती वापरण्यात गैर काही नाही, पण ती काढून टाकली तर गाण्यात काय उरतं, हे मनाशी विचारावं.

ज्युरी मत देते ती प्रत्यक्ष प्रक्षेपणाच्या आदल्या रात्रीच्या रंगीत तालमीवर. प्रेक्षक बघतात ते सादरीकरण तुमच्या मतात नसतंच. हे नव्या माणसाला पचायला वेळ लागतो. तालमीत गायकाचा सूर ढळला आणि दुसऱ्या दिवशी त्याने मैफल जिंकली, तरी तुमचं मत ढळलेल्या सुरावरच राहणार. ‘उद्या सुधारेल’ म्हणून सवलत देऊ नका आणि ‘हा कॅमेऱ्यासमोर घाबरतो’ या ऐकीव माहितीवर कापूही नका. २०२१ मध्ये आइसलँडच्या पथकात कोविडचा रुग्ण सापडल्यामुळे त्यांचं आधी चित्रित केलेलं सादरीकरण दाखवलं गेलं. अंतिम निकालात तो देश चौथा आला. पडद्यावर जे समोर आलं तेच मोजायचं.

परीक्षक एका खोलीत, मोठ्या पडद्यासमोर, निरीक्षकाच्या देखरेखीखाली बसतात. फोन बाहेर ठेवायचा. २०१६ मध्ये रशियाच्या एका परीक्षकाने या बैठकीचं फोनवरून थेट प्रक्षेपण केलं आणि त्या परीक्षकाला काढून टाकण्यात आलं. आपसात चर्चा नाही, आणि हा नियम मनापासून पाळण्यासारखा आहे. एखाद्याने नुसतं ‘अरे वा’ म्हटलं तरी शेजारच्याची पेन्सिल हलते. मग अनेक मतं म्हणजे एकच मत होऊन बसतं.

चार गोष्टी बघायला सांगितलेल्या असतात: रचना आणि तिचं वेगळेपण, रंगमंचावरचं सादरीकरण, गायकाची गायनक्षमता आणि एकूण ठसा. दोन गाण्यांच्या मध्ये साधारण चाळीस सेकंदांची एक चित्रफीत दाखवतात, तिला पोस्टकार्ड म्हणतात. लिहायला एवढाच वेळ असतो. म्हणून प्रत्येक गाण्यासाठी अर्ध्या पानाची जागा आधीच आखून ठेवा आणि गाणं चालू असताना फक्त खुणा करा. पूर्ण वाक्यं लिहायला लागलात की पडद्यावरची नजर जाते. उपयोगी टिपण असं दिसतं: ‘क्र. ९. पहिला अंतरा मंद्रात, शब्द गिळले. ध्रुवपद सुरात. नाचानंतरचा लांब सूर शेवटी उतरला. प्रकाश सुंदर, गाण्याशी संबंध नाही. ४ च्या खाली, ७ च्या वर.’ यातलं शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं. प्रत्येक गाणं संपलं की ते आतापर्यंतच्या यादीत कुणाच्या वर आणि कुणाच्या खाली बसतं, ते लगेच ठरवायचं. आधी यादीच्या मधल्या गाण्याशी तुलना करा, मग वरच्या किंवा खालच्या अर्ध्यात शिरा. २५ गाण्यांची यादी असली तरी चार-पाच तुलनांत जागा सापडते. सगळं शेवटी ठरवू म्हणणाऱ्याला पहिली सहा गाणी धूसर आठवतात आणि शेवटची सहा ताजी. त्यात सुरुवातीच्यांचा हकनाक बळी जातो. २०२५ पर्यंत दुसऱ्या क्रमाने गाणारा देश एकदाही जिंकलेला नाही. गाण्यांचा क्रम २०१३ पासून निर्माते ठरवतात, त्यामुळे या आकड्यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत, पण स्मरणशक्तीवर विसंबणं धोक्याचं आहे एवढं खरं.

शेवटी दाखवल्या जाणाऱ्या झलकांपासूनही सावध राहा. काही सेकंदांच्या तुकड्यात धूमधडाक्याचं गाणं उठून दिसतं आणि हळूहळू उलगडणारं मरून जातं. झलक फक्त ‘कोणतं गाणं कोणतं’ हे आठवण्यापुरती वापरा.

गाण्याच्या आवाजाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण नवख्या कानाची सर्वांत जास्त गफलत इथेच होते. वाद्यसंगीत ध्वनिमुद्रित असतं, १९९९ पासून तिथे वाद्यवृंद नाही. २०२१ पासून साथीचे आवाजही ध्वनिमुद्रित चालतात. मुख्य आवाज मात्र प्रत्यक्ष गायलेलाच हवा. त्यामुळे ध्रुवपद भरघोस ऐकू येतं आणि गायक दमदार आहे असा भास होतो. ध्रुवपदावरून गायक ओळखू नका. अंतऱ्याची पहिली ओळ ऐका. तिथे साथ विरळ असते, सूर खालचे असतात आणि श्वासावर ताबा नसेल तर ओळीचं शेवटचं अक्षर हवेत विरतं. दुसरी जागा म्हणजे धावपळीच्या नाचानंतरचा पहिला लांब सूर. तो लागताना बहुतेकांचा ठीक लागतो. सोडताना उतरतो का, थरथरतो का, ते ऐका. तिसरी खूण: गायकाने मध्येच एका कानातलं मॉनिटर (साथ आणि स्वतःचा आवाज ऐकवणारं छोटं यंत्र) काढलं, तर पुढच्या दोन ओळींकडे विशेष लक्ष द्या, कारण आधार सुटला की सूर बहुधा तिथेच हलतो. आणि एक चांगलंही लक्षात घ्या. तारस्वर गाठणं म्हणजेच गाणं असं नव्हे. खालच्या आवाजात, एका जागी उभं राहून, शब्दाला शब्द जोडत तीन मिनिटं माणसांना धरून ठेवणं याला कमी ताकद लागत नाही. २०१७ मध्ये पोर्तुगाल जिंकला तो अशाच शांत, पोर्तुगीज भाषेतल्या गाण्यावर, ज्युरी आणि प्रेक्षक दोघांच्याही पहिल्या पसंतीने.

रंगमंचावर जास्तीत जास्त सहा जण असतात. सादरीकरण जोखताना कॅमेऱ्याने काय दाखवलं तेच बघायचं, सभागृहात काय दिसलं असेल याचा विचार नको. गाण्यातल्या वळणावर चित्र बदललं का? गायकाचा चेहरा योग्य ओळीला जवळ आला का? आगीचे लोट आणि पावसाचा पडदा कोणालाही मिळू शकतो. त्यातून गाण्याचा अर्थ पुढे सरकला तरच तो मोजावा.

प्रेक्षकांना काय आवडेल याचा अंदाज बांधत बसू नका. त्यांचा वाटा वेगळा आहे आणि तो ते घेतातच. २०२३ मध्ये फिनलंडला प्रेक्षकांकडून ३७६ आणि ज्युरींकडून १५० गुण मिळाले, स्वीडनला प्रेक्षकांकडून २४३ आणि ज्युरींकडून ३४०. स्वीडन जिंकला आणि ज्युरींवर बरीच टीका झाली. अशी टीका होणारच. ज्युरीने प्रेक्षकांची नक्कल करायची असेल तर ज्युरीची गरजच उरत नाही.

देशादेशांतल्या मतांच्या देवाणघेवाणीचा विषयही स्पष्ट बोलायला हवा. २०२२ मध्ये दुसऱ्या उपांत्य फेरीत अझरबैजान, जॉर्जिया, माँटेनेग्रो, पोलंड, रुमेनिया आणि सॅन मरिनो या सहा देशांच्या ज्युरींच्या मतांत संशयास्पद साम्य आढळलं. स्पर्धा भरवणाऱ्या युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने ती मतं बाजूला ठेवून त्या जागी हिशेबाने काढलेला पर्यायी निकाल वापरला. असे नमुने आकड्यांत स्पष्ट दिसतात. कुणी नुसतं ‘आमच्याकडे लक्ष असू द्या’ म्हटलं, तरी ते निरीक्षकाच्या कानावर घाला.

यादी दिल्यावर अंतिम फेरीचा निकाल लागेपर्यंत घरच्यांनाही काही सांगू नका. २०१९ मध्ये बेलारूसच्या ज्युरीने उपांत्य फेरीतली आपली मतं उघड केली, म्हणून त्या ज्युरीला अंतिम फेरीतून काढलं. त्यांच्या जागी वापरलेला पर्यायी निकाल उलटा मोजला गेला आणि जाहीर झालेले गुण काही दिवसांनी दुरुस्त करावे लागले.

अंतिम फेरीनंतर परीक्षकांची नावं आणि प्रत्येकाची क्रमवारी प्रसिद्ध होते. पत्रकार फोन करतात, गायकांचे चाहते खुलासा मागतात. तेव्हा टिपणांची वही जवळ असू द्या. ‘तेविसावा का दिला?’ या प्रश्नाला त्या गाण्याच्या कितव्या मिनिटाला काय ऐकलं एवढंच सांगा. बाकीच्या परीक्षकांच्या मतांवर बोलू नका.